दूध उतू जाण्याआधी : किशोरवयीन मेंदू आणि धोक्याची ओढ

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातून भरधाव गाडीचा अपघात होतो, एखादी शांत, अभ्यासू मुलगी मैत्रिणींनी लावलेल्या पैजेपायी जिवावर उदार होते, कुणी केवळ चित्रफितीसाठी उंच इमारतीच्या कठड्यावर चढते, आणि अशी बातमी आली की दोन-चार दिवस सगळीकडे एकच प्रश्न ऐकू येतो : ‘एवढी साधी गोष्ट यांना कळत नाही का?’ किशोरवयीन मुलांचे समुपदेशन करण्यात आणि त्यांना त्यांच्याच मेंदूविषयी शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून मी या प्रश्नाचे उत्तर सरळ देते : कळते. कळूनही ती तसे वागतात, आणि खरे समजून घ्यायचे आहे ते हेच.

पहिल्या तासाला मी मुलांना एक कोरा कागद देते. दारू पिऊन गाडी चालवणे, ओळख नसलेल्या पाण्यात उडी मारणे, कुणीतरी दिलेली गोळी तोंडात टाकणे, अशा चार-पाच गोष्टी फळ्यावर लिहिते आणि विचारते, ‘शंभर जणांनी असे केले, तर त्यांतल्या किती जणांचे वाईट होईल?’ मुले सहसा प्रत्यक्षाहून मोठेच आकडे लिहितात. या विषयाच्या संशोधकांनाही हेच आढळले आहे. ‘आपल्याला काही होत नाही’ अशी या वयाची ठाम समजूत असते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बऱ्याच धोक्यांचा अंदाज ही मुले वाढवूनच करतात आणि तरीही तो धोका पत्करतात. अडचण माहितीची असती, तर एक चांगले व्याख्यान पुरले असते.

मेंदू ‘वाढतो’ म्हणजे नेमके काय होते?

मूल सहा वर्षांचे होईपर्यंत त्याचा मेंदू आकाराने प्रौढ मेंदूच्या नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलेला असतो. त्यामुळे पूर्वी असे मानले जाई की मेंदूची घडण बालपणातच संपते आणि किशोरवयातला सगळा गोंधळ हार्मोन्सचा असतो. 1979 मध्ये पीटर हटनलॉकर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूतील चेतापेशींमधले जोड मोजले, तेव्हा कपाळामागच्या भागातील हे जोड लहानपणी प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि किशोरवयापर्यंत ते कमी होत जातात, असे दिसले. पुढे एमआरआय आले आणि जिवंत, निरोगी मुलांच्या मेंदूची चित्रे त्यांना कोणतीही इजा न करता पुन्हापुन्हा काढता येऊ लागली. 1999 मध्ये जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 145 मुलामुलींच्या अशा चित्रांवरून दाखवले की मेंदूच्या पुढच्या भागातील करडा थर साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सर्वांत जाड असतो आणि नंतर विरळ होऊ लागतो.

विरळ होणे म्हणजे बिघडणे नव्हे, हे मला प्रत्येक वर्गात दोनदा सांगावे लागते. मोकळ्या माळावर माणसे सुरुवातीला वाटेल तिथून चालतात. हळूहळू जिथून रोज ये-जा होते त्या पायवाटा रुंद होतात आणि ज्यांवर कुणी पाऊल टाकत नाही त्यांवर गवत उगवते. चेतापेशींमधल्या जोडांचेही तसेच होते : वापरातले टिकतात, न वापरलेले गळून पडतात. याला ‘छाटणी’ म्हणतात. त्याच काळात दुसरे एक काम चालू असते. चेतापेशींच्या लांब तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन चढत असते, आणि वेष्टन चढलेल्या तंतूतून संदेश कित्येक पटींनी वेगाने धावतो. म्हणजे वाटा कमी होतात, पण ज्या उरतात त्यांचे रस्ते होतात.

ही दोन्ही कामे सगळीकडे एकाच वेळी होत नाहीत. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 13 मुलांच्या मेंदूची चित्रे दर दोन वर्षांनी, आठ ते दहा वर्षे काढली गेली. स्पर्श, हालचाल, दृष्टी अशा मूलभूत कामांचे भाग आधी परिपक्व झाले, आणि परिणामांचा अंदाज घेणे, मोह थोपवणे, दोन गोष्टी तोलून पाहणे ही कामे करणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटच्या काही भागांत होता. त्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. या लेखात मी त्याला ‘पुढचा मेंदू’ म्हणेन.

ओढ आधी, आवर मागून

पुढचा मेंदू सावकाश घडतो, एवढेच सत्य असते तर सर्वांत जास्त धोके सात वर्षांच्या मुलाने पत्करले असते, कारण त्याचा पुढचा मेंदू त्याहूनही कच्चा असतो. तसे होत नाही. तेरा-चौदाच्या सुमारास आणखी काहीतरी सुरू होते, आणि ते मेंदूच्या खोलवरच्या भागात होते. एखादी गोष्ट हवीशी वाटणे, तिच्याकडे खेचले जाणे आणि ती मिळाल्यावर ‘हे लक्षात ठेव’ अशी खूण होणे, हे काम तिथली यंत्रणा डोपामिन या रसायनाच्या साहाय्याने करते. डोपामिनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. माझ्या मते ‘ओढीचे रसायन’ हे नाव जास्त प्रामाणिक आहे. वयात येताना ही यंत्रणा अतिशय संवेदनशील होते. नवेपणा, वेग, कौतुक, समवयस्कांची एक नजर, यांची गोडी या वयात जितकी तीव्र असते तितकी ती लहानपणीही नसते आणि चाळिशीतही नसते.

म्हणजे ओढ एकदम वाढते आणि आवर मात्र सावकाश, एका ठरावीक चालीने येत राहतो. मधल्या वर्षांत या दोहोंमध्ये अंतर पडते. बी. जे. केसी आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आपापल्या पद्धतीने हीच मांडणी केली आहे, आणि तपशिलांवर वाद असले तरी आज या विषयावरची बहुतेक चर्चा तिथूनच सुरू होते.

‘हे सगळे पाश्चात्त्य मुलांचे, आपल्याकडे संस्कार वेगळे असतात’ हा आक्षेप मला पालकसभांमध्ये हमखास ऐकायला मिळतो. त्याचे उत्तर शोधले गेले आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 11 देशांतील दहा ते तीस वर्षे वयाच्या पाच हजारांहून अधिक व्यक्ती सहभागी होत्या, आणि त्या देशांत भारत आणि चीनही होते. थरार शोधण्याची वृत्ती साधारण एकोणिसाव्या वर्षापर्यंत चढत जाऊन मग उतरते आणि स्वतःला आवरण्याची क्षमता विशीच्या मध्यापर्यंत वाढत राहते, हा आराखडा बहुतेक ठिकाणी दिसला. मात्र ओढ असणे आणि तिच्यातून प्रत्यक्ष धोका पत्करला जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुलांच्या हाताशी काय आहे, त्यांच्यावर कुणाचे लक्ष आहे आणि त्यांना मोकळीक किती आहे, यावर दुसरी गोष्ट ठरते. संस्कारांना आणि परिस्थितीला वाव आहे तो तिथे.

शांत वेळ आणि तापलेली वेळ

माझ्या दृष्टीने साऱ्या विषयाचा गाभा इथे आहे. सोळा वर्षांच्या मुलाला शांत खोलीत, पुरेसा वेळ देऊन, एखाद्या निर्णयाच्या दोन्ही बाजू विचारा. तो जवळजवळ प्रौढाइतकाच नीट विचार करतो. तोच मुलगा चिडलेला, उत्साहात किंवा घोळक्यात असेल, तर त्याचा निर्णय निराळा येतो. संशोधक पहिल्याला ‘थंड’ आणि दुसऱ्याला ‘तप्त’ विचार म्हणतात. पत्त्यांच्या एका प्रयोगात हे फार स्पष्ट दिसले. पालथ्या ठेवलेल्या पत्त्यांपैकी किती उलटायचे हे आधीच ठरवून सांगायचे असेल, तेव्हा किशोरवयीन मुले प्रौढांइतकीच सावध होती. एकेक पत्ता उलटत, दर वेळी मिळालेला फायदा डोळ्यांनी बघत पुढे जायचे असेल, तेव्हा मात्र ती प्रौढांपेक्षा पुढे वाहवत गेली. नियम, बक्षीस आणि तोटा दोन्हीकडे सारखेच होते. दुसऱ्या खेळात प्रत्येक पत्त्यागणिक भावना तापत जात होत्या, एवढाच फरक होता.

वर्गात मी हे दुधाच्या उदाहरणाने सांगते. दूध तापत असते तेव्हा बराच वेळ काहीच घडत नाही, आणि मग एका क्षणात ते काठापर्यंत येते. त्या क्षणी सांडशी शोधायला लागणाऱ्या माणसाचे दूध उतू जाते. तो माणूस मूर्ख नसतो, दूध उतू जाते हे त्यालाही ठाऊक असते. त्याने सांडशी आधी हाताशी ठेवलेली नसते, इतकेच. निर्णय घेण्याची शक्ती ज्या क्षणी सर्वांत कमी असते, त्याच क्षणी आपण मुलांकडून सर्वांत मोठ्या निर्णयाची अपेक्षा करतो.

तापवणाऱ्या गोष्टींत झोपेची उणीव मोठी आहे, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. वयात येताना झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचे वेळापत्रकच पुढे सरकते, त्यामुळे या मुलांना रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. यात आळशीपणाचा भाग आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी असतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने 2014 मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली, ती याच कारणाने. आठवडाभर अपुरी झोप झालेल्या मुलाचा पुढचा मेंदू शनिवारच्या रात्री आधीच थकलेला असतो.

मित्र जवळ असले की काय बदलते?

2005 मध्ये मार्गो गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी 306 जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा एक खेळ खेळायला लावला. दिवा पिवळा झाल्यावरही जितके पुढे जाल तितके गुण जास्त, पण लाल होऊन धडक बसली तर कमावलेले गेले. काहींना एकट्याने खेळायला बसवले, काहींना दोन समवयस्कांच्या सोबतीने. प्रौढांच्या खेळात सोबतीमुळे विशेष फरक पडला नाही, तेरा ते सोळा वर्षांची मुले मात्र मित्रांसमोर खूपच जास्त धोके घेऊ लागली. 2011 मध्ये असाच खेळ एमआरआय यंत्रात खेळवला गेला. मित्र दुसऱ्या खोलीतून फक्त पाहत होते. तरीही किशोरवयीनांच्या मेंदूतील ओढीची यंत्रणा जास्त सक्रिय झाली. प्रौढांत तसे झाले नाही.

यातला तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो : कुणी ‘घाबरलास का?’ म्हणून डिवचले नव्हते, आग्रहही केला नव्हता. नुसते कुणीतरी पाहते आहे, एवढे पुरले. ‘वाईट संगत’ हे आपले लाडके स्पष्टीकरण इथे अपुरे पडते, कारण चांगल्या, प्रेमळ, सज्जन मित्रांच्या उपस्थितीतही हेच घडते. प्रयोगशाळेतल्या किशोरवयीन उंदरांवर हा प्रयोग झाला, तेव्हा तेही समवयस्क उंदरांच्या सोबतीत एकट्यापेक्षा जास्त अल्कोहोल प्यायले. प्रौढ उंदरांनी तसे केले नाही. उंदरांमध्ये पैजा लागत नाहीत.

कायद्याने ही गोष्ट या प्रयोगांच्याही आधी ओळखली होती. न्यूझीलंडने 1987 मध्ये टप्प्याटप्प्याने वाहन परवाना देण्याची पद्धत सुरू केली : आधी मोठ्यांच्या देखरेखीखाली, मग रात्रीच्या आणि सहप्रवाशांच्या बंधनांसह, आणि नंतर पूर्ण मोकळीक. पुढे अनेक देशांनी ती उचलली, आणि जिथे ती नीट राबवली गेली तिथे नवशिक्या चालकांचे अपघात कमी झाले. जगात 5 ते 29 या वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण रस्त्यावरचे अपघात हेच आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा गाडीत किती मित्र बसले आहेत हा प्रश्न क्षुल्लक नाही.

आणि याच खेळाची एक दुसरी आवृत्ती आहे, जी सांगताना मला दर वेळी बरे वाटते. तिच्यात मित्रांऐवजी मुलांची आई पाहत होती. धोके कमी झाले.

‘मग माझी चूकच नाही!’

एका वर्गात मी हे सगळे रंगवून सांगत असताना मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला आणि विचारले, ‘म्हणजे पंचविसाव्या वर्षापर्यंत मेंदू अपुरा असतो, तर तोपर्यंत केलेल्या कशाचीच जबाबदारी माझ्यावर नाही ना?’ वर्ग हसला, पण त्याने प्रश्न गंभीरपणे विचारला होता, आणि तो प्रश्न माझ्याच शिकवण्यातून उगवला होता. मी तेव्हा ‘वेग चांगला, पण ब्रेक कच्चे’ हे गाडीचे प्रसिद्ध उदाहरण देत असे. सदोष ब्रेकची गाडी ज्याला मिळाली आहे, तो दोष गाडीलाच देणार. त्या दिवसापासून मी ते उदाहरण सोडून दिले.

पंचविसाव्या वर्षाची गोष्टही तपासून घेतली पाहिजे. त्या वाढदिवशी मेंदूत काही पुरे होते असे कुणीही दाखवलेले नाही. सुरुवातीच्या बऱ्याच अभ्यासांत सहभागी व्यक्ती विशीच्या सुरुवातीपर्यंतच्याच होत्या आणि तिथवर बदल चालू दिसले. नंतर ‘अजून चालू आहे’ याचे ‘पंचविशीत संपते’ असे सुटसुटीत वाक्य झाले. प्रत्यक्षात हे बदल सावकाश, माणसागणिक वेगवेगळ्या गतीने होतात, आणि तिशीतही थोडेफार चालूच राहतात. शिवाय वर सांगितले तसे, शांतपणे विचार करण्याची क्षमता सोळाच्या सुमारास बरीचशी प्रौढ झालेली असते.

त्या मुलाला मी दिलेले उत्तर आजही बदललेले नाही : दूध कधी वर येईल हे तुझ्या हातात नसेल, पण ते तापत ठेवले आहे हे तुला ठाऊक होते, आणि सांडशी कुठे ठेवायची हे ठरवायला तुझ्याकडे दुपारभर वेळ होता. जबाबदारी शून्य होत नाही, ती थोडी अलीकडे सरकते.

ही निसर्गाची चूक आहे का?

मला तसे वाटत नाही. घराबाहेर पाऊल टाकणे, अनोळखी माणसांत मिसळणे, अपयशाची शक्यता असूनही नवे काम हाती घेणे, यांपैकी काहीही धोक्याच्या ओढीशिवाय होत नाही, आणि ही ओढ नेमकी त्याच वयात येते ज्या वयात पिल्लांनी घरट्याबाहेर पडायचे असते. ओढीची तीच यंत्रणा दुसऱ्याला मदत करतानाही जागी होते. मानसशास्त्रज्ञ एव्हा टेल्झर यांच्या संशोधनात, घरच्यांसाठी स्वतःच्या वाट्याचे काही देताना ज्या किशोरवयीनांची ही यंत्रणा अधिक सक्रिय झाली, त्यांच्यात पुढच्या काळात धोकादायक वर्तन कमी होत गेले. म्हणून ओढ मारून टाकायची नसते. तिला दुसरीकडे वाट द्यायची असते.

दारू आणि नशेच्या पदार्थांच्या बाबतीत मात्र मी कुठलीही तडजोड करत नाही, कारण ज्या वयात वाटा पक्क्या होत असतात त्याच वयात हे पदार्थ ओढीच्या यंत्रणेवर थेट काम करतात. किशोरवयीन उंदरांवरच्या प्रयोगांत अल्कोहोलची गुंगी आणि तोल जाणे प्रौढांपेक्षा कमी दिसते, स्मरणशक्तीवरचा परिणाम मात्र जास्त. माणसांतही तसेच होत असेल, तर ‘आता पुरे’ ही खूण उशिरा मिळते आणि नुकसान लवकर होते. ‘मला चढतच नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या मुलाला मी हेच समजावते की ती त्याची ताकद नव्हे.

भीती घालून का भागत नाही?

सुरुवातीची काही वर्षे मीही भीतीच घालत होते. काळवंडलेल्या फुप्फुसांची चित्रे, चुरा झालेल्या गाड्या, अपघातातून वाचलेल्यांच्या कहाण्या. वर्ग चिडीचूप होई, शिक्षक नंतर भेटून कौतुक करीत आणि मी समाधानाने घरी जाई. मग एका वर्षी, तासाला सर्वांत जास्त हेलावलेली मुलगी दोनच महिन्यांनी माझ्यासमोर समुपदेशनासाठी बसली. सिगारेटचे तिला व्यसन लागू पाहत होते. ‘ती चित्रे आठवली नाहीत का?’ असे मी विचारले, हे लिहिताना मला आजही वाईट वाटते, कारण तो प्रश्न नव्हता, दूषण होते. ती म्हणाली, ‘आठवली. पण तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.’

माझ्या अनुभवाला मोठा पुरावा आहे. 1983 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला डेअर हा मुलांना व्यसनांपासून दूर ठेवण्याचा कार्यक्रम पोलीस अधिकाऱ्यांमार्फत हजारो शाळांत पोहोचला; पण त्याच्या मूल्यमापनांचा 1994 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा व्यसनांवरचा त्याचा परिणाम अगदीच किरकोळ निघाला. अडखळलेल्या मुलांना तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दरडावून घाबरवण्याच्या कार्यक्रमांचे निष्कर्ष तर त्याहून वाईट आहेत : त्यांत सहभागी झालेल्या मुलांनी, सहभागी न झालेल्यांपेक्षा पुढे जास्त गुन्हे केले.

कारण समजून घ्यायला एक विलक्षण प्रयोग उपयोगी पडतो. ‘शार्क माशांबरोबर पोहणे ही चांगली कल्पना आहे का?’ असे किशोरवयीनांना आणि प्रौढांना विचारले गेले. उत्तर दोघांचेही ‘नाही’, पण किशोरवयीनांना किंचित जास्त वेळ लागला. प्रौढ हिशेब करत नाही, त्याच्या मनात चित्र उभे राहते आणि तो मागे सरकतो. किशोरवयीन फायद्या-तोट्याचा विचार करू लागतो. मानसशास्त्रज्ञ व्हॅलेरी रेना यांचे म्हणणे असे की अनुभवाने माणूस आकड्यांकडून साराकडे जातो. मग ‘शंभरात दोघांना इजा होते’ असे सांगून आपण मुलाला अठ्ठ्याण्णव पळवाटा दाखवत असतो. त्याऐवजी ‘एकदा झाले तरी आयुष्यभराचे आहे’ हे सार त्याच्या मनात आधीच रुजलेले असणे उपयोगाचे.

दुसरे कारण अभिमानाचे आहे. कुणी आपल्याला मूर्ख समजते, हे या वयात सहन होत नाही. तंबाखूविरोधी ‘ट्रुथ’ या अमेरिकी मोहिमेने 2000 पासून हाच अभिमान कामाला लावला : धूम्रपान वाईट असे सांगण्याऐवजी, तंबाखू कंपन्या तुम्हाला गिऱ्हाईक करण्यासाठी कशा फसवतात ते दाखवले. बंडखोरी शमवण्याऐवजी तिला योग्य प्रतिपक्ष मिळवून दिला.

वर्गात आता काय होते?

आता माझ्या तासाला चित्रे नसतात, चिठ्ठ्या असतात. मुलांनी शांत वेळी, स्वतःच्या अक्षरात, ‘असे झाले तर मी असे करीन’ या रूपात एक वाक्य लिहायचे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिले आहे की नुसत्या निश्चयापेक्षा असे ‘जर-तर’ बांधून ठेवलेले बेत प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता जास्त असते, कारण प्रसंग दिसताच कृती आपोआप आठवते.

एका मुलाच्या तीन चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. पहिलीवर होते : ‘प्यायलेल्या मित्राच्या गाडीवर मी बसणार नाही.’ मी ती परत दिली. हा निश्चय झाला, बेत नाही. दुसरी : ‘तो बस म्हणाला, तर मी नाही म्हणेन.’ मी विचारले, ‘सगळे बघत असताना?’ तो बराच वेळ गप्प राहिला. तिसरीवर त्याने लिहिले : ‘त्याने गाडी सुरू केली, तर मी फोन कानाला लावून ‘हो, आलोच’ म्हणत फाटकाच्या आत जाईन.’ यात पावले कुठे पडणार तेही ठरलेले आहे. मग आम्ही ते वर्गात करून पाहिले, बाकांची गाडी आणि दाराचे फाटक करून, पाच-सहा वेळा. पहिल्या दोन वेळा त्याला हसू आवरेना. पाचव्या वेळी पाय आपसूक वळले. वर्गातली मुले आता अशा बेताला ‘सांडशी’च म्हणतात.

पण सगळा भार मुलांवर टाकणे मला मान्य नाही. आइसलँडमध्ये 1998 मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुले मागच्या महिनाभरात दारूच्या नशेत असल्याचे सांगत होती. 2016 पर्यंत हे प्रमाण 5 टक्क्यांवर आले. तिथे व्याख्याने वाढवली नाहीत. खेळ, संगीत, नृत्य यांची सोय वाढवून त्यासाठी कुटुंबांना आर्थिक साहाय्य दिले, पालकांनी आपसांत लेखी करार केले, तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी रात्री उशिरा एकट्याने बाहेर राहण्यावर बंधन आणले. थरार हवा असेल तर तो मिळण्याच्या दुसऱ्या जागा निर्माण केल्या. सर्व श्रेय एकाच उपायाला देता येणार नाही, पण दिशा मला पूर्ण पटते.

शिक्षा करायचीच नाही का?

ज्यांचे माणूस अशा अपघातात गेले आहे, त्यांच्यासमोर मेंदूची भाषा बोलणे क्रूर ठरू शकते, याची मला जाणीव आहे. समजावणे म्हणजे माफ करणे नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये अठरा वर्षांखालील गुन्हेगारांना मृत्युदंड देणे घटनाबाह्य ठरवले. त्या निकालात ही मुले निर्दोष आहेत असे म्हटलेले नाही. त्यांची अपरिपक्वता, इतरांच्या प्रभावाखाली येण्याची शक्यता आणि अजून न घडलेले व्यक्तिमत्त्व, यांमुळे त्यांचा दोष प्रौढापेक्षा कमी ठरतो, असे म्हटले आहे. याला आणखी एका निरीक्षणाचा आधार आहे : किशोरवयात गैरवर्तन करणाऱ्यांपैकी बहुतेक जण प्रौढ झाल्यावर ते सोडून देतात, फार थोडे जण आयुष्यभर त्याच वाटेवर राहतात. आज कुणाचे भवितव्य त्यातले कुठले, हे ओळखणे अवघड असते. म्हणून शिक्षा व्हावी, पण तिने परतीची वाट बंद करू नये, असे माझे मत आहे.

पालकांचा नेहमीचा प्रश्न

सर्वांत जास्त वाद होतो तो एका साध्या करारावर. तो असा : मूल कुठेही अडकले आणि त्याने ठरलेले एक अक्षर संदेशात पाठवले, की आई-वडिलांनी लगेच फोन करून ‘घरी निघ, मी न्यायला येतो’ असे सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचे. मुलाला मित्रांसमोर नकार द्यावा लागत नाही. वाईटपणा पालक घेतात. आणि त्या रात्री गाडीत काहीही विचारायचे नाही.

‘म्हणजे वाट्टेल ते करायची सवलतच झाली,’ असे एक गृहस्थ तावातावाने म्हणाले होते. मी त्यांना सांगितले की जाब विचारायचाच आहे, पण दुसऱ्या दिवशी, दूध खाली बसल्यावर. कारण रात्री एक वाजता गाडीत होणारे भाषण मुलाला एकच गोष्ट शिकवते, ती म्हणजे पुढच्या वेळी फोन न करणे. त्यांना ते पटले नाही. तरीही पुढच्या भेटीला ते मुलीला घेऊन आले, आणि माझ्या टेबलावर कागद मध्ये ठेवून दोघे समोरासमोर बसले. तिने लिहिले, ‘दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रश्न नाहीत.’ त्यांनी ‘संध्याकाळ’ खोडून ‘सकाळी आठ’ केले. तिने आठ खोडून ‘बारा’ लिहिले आणि पेन त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी बराच वेळ तो आकडा पाहिला, बाराच्या पुढे ‘जेवणाआधी’ एवढाच शब्द जोडला आणि खाली सही केली.